‘क’च्या डोक्यावर ‘ग’

कीबोर्डवरचं ‘के’चं बटण दाबलं की संगणकाकडे ‘के’ हे अक्षर जातच नाही. यूएसबी कीबोर्ड फक्त एक आकडा पाठवतो: 14. तो त्या बटणाच्या जागेचा क्रमांक. मग ऑपरेटिंग सिस्टिम एक तक्ता उघडून 14 समोर काय लिहिलंय ते बघते. इंग्रजी तक्ता लावलेला असेल तर ‘के’ उमटतं, ‘इनस्क्रिप्ट’ नावाचा मराठी तक्ता असेल तर ‘क’. या तक्त्यालाच लेआउट म्हणतात.

म्हणून मराठीसाठी वेगळा कीबोर्ड विकत घ्यावा लागत नाही. जर्मनीत मिळणाऱ्या लॅपटॉपवर ‘वाय’ आणि ‘झेड’ यांच्या जागा आपापसांत बदललेल्या असतात. तिथे राहणाऱ्या मराठी माणसाने इनस्क्रिप्ट लावलं, तर ‘ब’ मात्र पुण्यात होता तिथेच सापडतो. तो जागेला बांधलेला आहे, छापील अक्षराला नाही.

मराठीत सहसा तीन प्रकार भेटतात. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना रेमिंग्टन सोयीचं. नव्याने शिकणाऱ्याने त्यात पडू नये. दुसरा प्रकार रोमन स्पेलिंगवरून मराठी शब्द सुचवणारा. शिकायला काहीच लागत नाही, म्हणून तो सर्वांत लोकप्रिय. पण रोमनमध्ये ल-ळ, न-ण यांना वेगळी अक्षरं नाहीत. ‘एम-ए-एल-ए’ लिहिलं तर मला, माला, मळा, माळा यांतलं काय हवंय, हे यंत्राला अंदाजानेच ठरवावं लागतं आणि आपली नजर सुचवलेल्या शब्दांवर अडकून राहते. दिवसाला चार ओळींचे निरोप लिहायचे असतील तर हे पुरेसं आहे. पानंच्या पानं लिहायची असतील तर नाही.

तिसरं इनस्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ते 1986 मध्ये पुढे आणलं आणि 1991 मध्ये ते भारतीय मानकात आलं. पहिल्यांदा बघितलं की अक्षरं कुठेही फेकल्यासारखी वाटतात. पण उजवा हात मधल्या ओळीवर ठेवून नीट बघा. तिथे प, क, त, च, ट आहेत, म्हणजे शाळेत घोकलेल्या पाचही वर्गांची पहिली अक्षरं. आता एक ओळ वर जा: ‘क’च्या डोक्यावर ‘ग’, ‘त’वर ‘द’, ‘च’वर ‘ज’, ‘ट’वर ‘ड’, ‘प’वर ‘ब’. शिफ्ट दाबून तीच बटणं दाबली की ख, घ, थ, ध.

ही मांडणी थेट आपल्या उच्चारांवर बेतलेली आहे. ‘क’ आणि ‘ग’ यांत जीभ एकाच जागी टेकते. ‘ग’ म्हणताना स्वरतंतूही कंप पावतात, एवढाच फरक; या कंपालाच घोष म्हणतात. तोंडासमोर तळहात धरून आधी ‘क’ आणि मग ‘ख’ म्हणा, हवेचा झोत लगेच जाणवेल. म्हणजे ओळ बदलली की घोष बदलतो आणि शिफ्टने श्वास मिळतो. स्वर, काने-मात्रे आणि पाय मोडायची खूण डाव्या हाताला. बहुतेक व्यंजनं उजवीकडे, स्वर डावीकडे, असे दोन्ही हात बरेचदा आळीपाळीने चालत राहतात. मला हे फार देखणं वाटतं.

दुसरा फायदा सोलापूर-बेळगावकडच्या, मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणाऱ्यांना जास्त पटेल. कन्नडचा तक्ता लावला की त्याच बटणावर कन्नडचा ‘क’ येतो. गुजराती, बंगालीचंही तसंच. लिपी वाचता येत असेल तर हात नव्याने बसवावा लागत नाही.

विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या भाषांच्या यादीत मराठी जोडा आणि तिच्या पर्यायांत हवा तो कीबोर्ड निवडा. मग विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेस दाबली की भाषा बदलते. यादीत वापरातले दोन-तीनच लेआउट ठेवा. पाच ठेवले की प्रत्येक वेळी हवा तो शोधत बसावं लागतं. पासवर्ड टाकण्याआधी कोपऱ्यात कोणती भाषा दिसतेय ते बघा.

कोणताही लेआउट पक्का करण्याआधी त्यावर ‘दऱ्या’ लिहून बघा. इनस्क्रिप्टमध्ये ‘जे’वर ‘र’ आहे आणि शिफ्टसह ‘ऱ’. द, ऱ, पाय मोडायची खूण, य, काना: झाला ‘दऱ्या’. साधा ‘र’ घेतला तर होतो ‘दर्या’, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतही तोच घोटाळा, तोही जेवणाच्या आमंत्रणात.

त्यानंतर ‘ॲप’ लिहा. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी जी यादी आहे, त्या युनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक 2008 मध्ये मिळाला. त्याआधी ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून काम भागवत, आणि काही लेआउट अजून तेच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला एक अक्षर दिसतं की दोन, यावर शोधताना तो शब्द सापडेल की नाही हे ठरतं.