खेपेवर मजुरी आणि बाल्टिकच्या तळाशी साठलेला दारूगोळा

जर्मनीतल्या कील शहराजवळ, किनाऱ्यापासून फार लांब नाही, कोलबर्गर हाइडे नावाचा समुद्राचा उथळ पट्टा आहे. तिथे पाणबुडे उतरले की वाळूवर पाणसुरुंग आणि टॉर्पेडोच्या पुढच्या भागांचे ढीग दिसतात. काहींचं पत्र्याचं कवच पार झिजून गेलंय आणि आतलं स्फोटक उघडं पडलंय. हा माल लढाईत बुडालेला नाही. युद्ध संपल्यावर तो मुद्दाम तिथे नेऊन टाकलेला आहे.

मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली तेव्हा देशभरच्या कोठारांत अफाट दारूगोळा शिल्लक होता. दोस्त राष्ट्रांना तो लवकरात लवकर नाहीसा करायचा होता. जमिनीवर एकेक गोळा निकामी करायचा तर वेळ, माणसं आणि पैसा, तिन्ही लागणार. समुद्र जवळ होता आणि फुकट होता. मग मच्छीमारांच्या बोटी, मालवाहू गलबतं, जे हाताशी येईल ते कामाला लावलं गेलं.

टाकायच्या जागा नकाशावर ठरवून दिलेल्या होत्या. पण मजुरी बऱ्याच ठिकाणी खेपेवर मिळायची. उद्ध्वस्त देशात पोट भरू पाहणाऱ्या खलाशाने ठरलेल्या जागेपर्यंत न जाता वाटेतच माल पाण्यात लोटला, तर त्याच दिवसात आणखी एक खेप व्हायची. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यामुळे आज नकाशावरच्या चौकटींबाहेरही, बंदरातून निघणाऱ्या वाटांवर बॉम्ब सापडतात. जर्मनीच्या पाण्यात एकूण १६ लाख टन दारूगोळा असल्याचा अंदाज आहे. त्यातला १३ लाख टन उत्तर समुद्रात आणि ३ लाख टन बाल्टिकमध्ये आहे.

रासायनिक अस्त्रांची गोष्ट आणखी वाईट. १९४७ च्या सुमारास सोव्हिएत फौजांनी डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाजवळ हजारो टन अस्त्रं बुडवली. त्यात मस्टर्ड गॅस मोठ्या प्रमाणावर होता. नाव गॅस असलं तरी १४ अंशांखाली हा पदार्थ गोठतो, आणि तिथला खोल तळ वर्षभर त्याहून थंड असतो. पाण्याशी संबंध येऊन त्याच्यावर कडक साल धरते आणि आतला भाग वर्षानुवर्षं जहाल राहतो. तळ खरवडणाऱ्या जाळ्यात तो चिखलाच्या गोळ्यासारखा वर येतो. हाताला लागला तरी लगेच काही जाणवत नाही, फोड काही तासांनी येतात. बोर्नहोमच्या कोळ्यांनी हे अनेकदा भोगलंय.

हे फक्त जर्मनीपुरतं नव्हतं. ब्रिटनने स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात, बोफर्ट्स डाइक या खोल चरात दहा लाख टनांहून जास्त दारूगोळा टाकला. अमेरिका १९७० पर्यंत जुनी जहाजं दारूगोळ्याने भरून बुडवत होती. समुद्रात कचरा टाकण्यावर बंधनं घालणाऱ्या १९७२ च्या लंडन करारानंतर हा प्रकार आवरला गेला.

मग बरीच वर्षं सगळ्यांनी तिकडे पाठ फिरवली. कवच शाबूत होतं तोवर निभावलं. खाऱ्या पाण्यात लोखंड किती टिकणार? आता आतलं टीएनटी हे विषारी स्फोटक पाण्यात उतरतंय. कीलच्या विषशास्त्रज्ञांनी कोलबर्गर हाइडेच्या सुरुंगांशेजारी शिंपले टांगून ठेवले, कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांच्याच जातकुळीतले. काही आठवड्यांनी त्यांच्या मांसात टीएनटी आणि त्यापासून बनणारी रसायनं सापडली. पूर्वी सुरुंग जागेवरच उडवल्यामुळे स्फोटकाचे तुकडे विखुरले होते. त्या तुकड्यांजवळच्या शिंपल्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त निघालं. तिथे लिमांडा नावाचा मासा मिळतो, आपल्या लेपीसारखा चपटा, तळाशी राहणारा. तपासलेल्या माशांपैकी सुमारे २५ टक्क्यांच्या यकृतात गाठी होत्या. इतर ठिकाणी हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं.

स्फोट करून मोकळं होण्याची किंमत २०१९ मध्ये आणखी उघड दिसली. फेमार्न सामुद्रधुनीजवळ नौदलाने ४२ जुने ब्रिटिश सुरुंग उडवले. त्यानंतर किनाऱ्यावर पॉर्पॉइज, म्हणजे डॉल्फिनचे छोटे भाऊबंद, मरून पडलेले मिळाले. शवविच्छेदनात काहींच्या कानांना स्फोटाच्या धक्क्याच्या जखमा आढळल्या. ज्या जिवाचं सगळं जगणं ऐकण्यावर चालतं, त्याचे कानच फुटले.

जर्मन सरकारने अखेर १० कोटी युरो बाजूला काढले आणि २०२४ मध्ये ल्युबेकच्या उपसागरात, स्फोट न करता, दारूगोळा उचलायची चाचणी सुरू झाली. त्यातही पेच आहे. त्याच उपसागरात पडलेल्या व्ही-१ उडत्या बॉम्बच्या कवचांवर संशोधकांना दर चौरस मीटरला ४० हजारांहून जास्त जीव चिकटलेले दिसले. भोवतालच्या मऊ गाळात घट्ट आधार मिळत नाही, म्हणून ते लोखंडाला बिलगले. उघड्या पडलेल्या स्फोटकावर मात्र जवळजवळ काहीच वाढलेलं नव्हतं. बॉम्ब उचलल्यावर त्या जागी काँक्रीटचे निरुपद्रवी ठोकळे ठेवावेत, असं या संशोधकांनी सुचवलंय.