उद्याननगरी आणि उद्यान-उपनगर: लेचवर्थ व हॅम्पस्टेड

लंडनपासून सुमारे ५५ किलोमीटरवरचे लेचवर्थ आणि लंडनच्या उत्तरेकडचे हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब यांची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर उतरत्या छपरांची घरे आणि झाडांनी वेढलेले रस्ते पाहून दोन्ही एकाच गावचे भाग वाटतात. रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या वास्तुरचनाकारांनी दोन्हींचे आराखडे आखले असल्याने ते साहजिकच आहे. तरीही पहिली उद्याननगरी आहे आणि दुसरे उद्यान-उपनगर.

लेचवर्थमागची कल्पना एबेनेझर हॉवर्ड या संसदीय लघुलेखकाची होती. शहरातील जमिनीचा भाव तिथे राहणाऱ्यांमुळे वाढतो, लाभ मात्र जमीनमालकाला मिळतो, हे त्यांनी १८९८ मध्ये मांडले. त्यावर त्यांचा उपाय असा की, शेतजमीन स्वस्तात घेऊन ती एकाच संस्थेच्या मालकीची ठेवावी, घरे व कारखान्यांना जागा भाडेपट्ट्याने द्यावी आणि मर्यादित लाभांश वाटून उरलेले उत्पन्न गावावरच खर्च करावे. १९०३ मध्ये हर्टफर्डशरमध्ये काम सुरू झाले. गावाभोवती शेतीचा पट्टा राखला गेला आणि स्पिरेलाच्या कॉर्सेट-कारखान्यासारख्या उद्योगांनी गावातच रोजगार दिला. पुढे १९६० च्या सुमारास ही जमीन बाळगणाऱ्या कंपनीची मालकी बाहेरच्या गुंतवणूकदारांकडे गेली, तेव्हा १९६२ च्या कायद्याने ही मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे सोपवण्यात आली. १९९५ पासून ती एका धर्मादाय न्यासाकडे आहे. माझ्या मते लेचवर्थचे वेगळेपण झाडांपेक्षा या व्यवस्थेत आहे.

हॅम्पस्टेडची प्रेरणा निराळी होती. गोल्डर्स ग्रीनपर्यंत भुयारी रेल्वे येणार म्हटल्यावर हॅम्पस्टेड हीथ या मोठ्या मोकळ्या माळरानालगतची जमीन बांधकामाखाली जाईल, हे समाजसुधारक हेन्रिएटा बार्नेट यांनी ओळखले. ईटन कॉलेजच्या मालकीच्या जमिनीपैकी ८० एकर हीथला जोडले गेले आणि २४३ एकरांवर १९०७ पासून वस्ती उभी राहिली. मधला चौक एडविन लट्येन्स यांनी रचला. नवी दिल्लीच्या रचनेचे काम त्यांच्याकडे यायला अजून काही वर्षे होती. चौकात चर्च आणि शिक्षणसंस्था आहेत, पण दुकाने नाहीत, आणि वसाहतीत कारखाने तर नाहीतच. श्रीमंत आणि कामगार शेजारी राहावेत ही बार्नेटबाईंची मनापासूनची इच्छा होती. मात्र रोजगार लंडनमध्येच राहिला, घरांचे भाव चढत गेले आणि आज ही वस्ती शहरातल्या महागड्या भागांत गणली जाते.

१९२० मध्ये सुरू झालेली वेल्विन ही दुसरी उद्याननगरी लेचवर्थच्या वाटेने गेली. नंतर इंग्लंडभर ‘गार्डन’ हे बिरुद मिरवत उभ्या राहिलेल्या बहुतेक वसाहती मात्र हॅम्पस्टेडच्या वळणाच्या आहेत.