शेवटची एक टक्का लाटणी

मोटारीचा दरवाजा, कपाट, वॉशिंग मशीनचं खोकं, यांच्या रंगाखाली बहुतेक वेळा सीआर पत्रा असतो, म्हणजे थंड लाटलेलं कमी कार्बनचं पोलाद. कार्बन बहुधा ०.१ टक्क्याहूनही कमी. एवढ्याशा कार्बनला कोण विचारतो, असं वाटेल. पण या पत्र्याचे निम्मे उपद्व्याप त्याचेच असतात.

सुरुवात गरम लाटलेल्या, काही मिलिमीटर जाड पट्टीपासून होते. तिच्यावरची ऑक्साइडची खपली आम्लात धुऊन काढतात आणि पट्टी न तापवता रोलरांमधून नेतात. जाडी निम्म्याहून खाली येते. ‘थंड’ हे नाव तसं फसवंच, कारण दाबाने पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो. धातू वाकतो तो अणूंच्या रांगांमधले दोष सरकतात म्हणून. या दोषांना डिस्लोकेशन म्हणतात. लाटताना ते इतके वाढतात, की एकमेकांत अडकून बसतात. पत्रा कडक होतो आणि घट्ट घडी घातली तर तडकतोही.

मग ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्याला मऊ करतात, तेही हायड्रोजन-नायट्रोजनच्या वातावरणात. हवा लागली तर पुन्हा खपली धरेल.

इथे काम संपायला हवं. पण हा मऊ पत्रा तसाच साच्यात दाबला, तर त्यावर ज्वालांसारखे पट्टे उमटतात आणि रंग दिला तरी लपत नाहीत. कार्बन आणि नायट्रोजनचे अणू डिस्लोकेशनांभोवती गोळा होऊन त्यांना जखडून ठेवतात. ताण वाढतो, एका जागी पकड सुटते आणि तेवढाच भाग एकदम पसरतो. कॉट्रेल आणि बिल्बी या शास्त्रज्ञांनी १९४९ साली या जखडण्याचा उलगडा केला.

उपाय अगदी साधा आहे. पत्रा पुन्हा एकदा, जेमतेम एक टक्का लाटायचा. त्यातून नवी, मोकळी डिस्लोकेशनं तयार होतात आणि पत्रा सगळीकडे सारखा ताणला जातो. मात्र ही सोय कायमची नव्हे. अणू हळूहळू सरकत पुन्हा तिथे पोचतात, उन्हाळ्यात जरा लवकरच. म्हणून असा पत्रा गोदामात फार काळ ठेवू नये.

टायटॅनियम किंवा निओबियम घालून कार्बन पुरता बांधून टाकलेलं पोलादही मिळतं. मोटारींच्या बाहेरच्या पत्र्यात मात्र कधीकधी थोडा कार्बन मुद्दाम मोकळा सोडतात. रंगाच्या भट्टीत, १७० अंशांच्या आसपास, तो डिस्लोकेशनांना जखडतो. दरवाजा तोवर आकारात आलेला असतो, आणि भट्टीतून निघताना त्याला सहजी पोचा पडत नाही.