पॉलिग्राफ चाचणी : सीमाभागातील भरवसा आणि चुकीच्या निकालाची भीती

प्रश्नांची उत्तरे देताना माणसाच्या शरीरात होणारे बदल टिपून तो खरे बोलतो की खोटे, याचा अंदाज बांधण्याची पद्धत म्हणजे पॉलिग्राफ चाचणी. बोलण्यात तिला ‘लाय डिटेक्टर’ किंवा ‘खोटं पकडायचं मशीन’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठी भाषक पट्ट्यात तिची ओळख झाली ती बातम्यांतून, आणि नार्को, ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) व पॉलिग्राफ ही तिन्ही नावे बहुतेकांच्या तोंडी एकदमच येतात. मुद्रांक घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी मूळचा खानापूरचा. बंगळुरात त्याची नार्को चाचणी झाली आणि तिची चित्रफीत पुढे दूरचित्रवाहिन्यांवर दाखवली गेली. औषधाच्या अमलाखाली बोलणारा आपल्याच तालुक्यातला माणूस घराघरांत दिसला, आणि चाचणी म्हणजे हेच, अशी समजूत रुजली. पॉलिग्राफचा प्रकार वेगळा आहे. त्यात इंजेक्शन नसते आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. ‘मशीननं खोटं दाखवलं तर?’ ही धास्ती मात्र दोन्हीकडे सारखीच असते आणि पॉलिग्राफच्या बाबतीत तिला भक्कम आधार आहे.

यंत्राचा इतिहास शंभर वर्षांहून थोडा जास्त आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी १९१५ च्या सुमारास रक्तदाब आणि खोटे बोलणे यांचा संबंध जोडण्याचे प्रयोग केले. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली पोलिसांत काम करणाऱ्या जॉन लार्सन यांनी रक्तदाब व श्वास एकाच वेळी नोंदवणारे उपकरण तयार केले. अमेरिकेतल्या न्यायालयाने १९२३ मध्येच, फ्राय खटल्यात, अशा चाचणीचा पुरावा नाकारला होता.

प्रत्यक्ष चाचणीत माणसाला खुर्चीवर बसवून छाती आणि पोट यांभोवती दोन लवचीक नळ्या बांधतात. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा असतो, तो दवाखान्यातल्यासारखा लगेच सैल होत नाही, प्रश्नांची फेरी संपेपर्यंत फुगलेलाच राहतो. दोन बोटांना धातूच्या पट्ट्या लावून घामामुळे त्वचेत होणारा बदल मोजतात. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ द्यायचे, हलायचे नाही, आणि दोन प्रश्नांमध्ये वीस-पंचवीस सेकंद गप्प बसायचे. याआधी एक लांबलचक मुलाखत होते. पुष्कळदा तीत पत्त्यांच्या जुडीतला एखादा पत्ता किंवा आकडा निवडायला सांगून, एकेकाविषयी विचारल्यावर दरवेळी ‘नाही’ म्हणायला लावून, परीक्षक तो बरोबर ओळखून दाखवतो. यंत्रापुढे काही लपत नाही, अशी समोरच्याची खात्री पटावी हा हेतू. चाचणीची निम्मी ताकद या खात्रीत असते, आणि निरपराध माणसाची निम्मी भीतीही तिथूनच सुरू होते.

खोटे बोलल्यावरच उमटेल अशी एकही शारीरिक खूण आजवर सापडलेली नाही. यंत्र मोजते ते ताण. तो ताण खोटेपणाचा, अपमानाचा, रागाचा की नुसत्या भीतीचा, हे कागदावरच्या रेघा सांगत नाहीत. सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा उचलून शपथ घ्यायची वेळ आली, की खरे बोलणाऱ्याचाही हात कापतो, तसेच हे आहे.

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत तुलनात्मक प्रश्नांची. निपाणीच्या एखाद्या पतसंस्थेच्या तिजोरीतून रक्कम गेली आणि रोखपालावर संशय आला असे समजू. त्याला एक प्रश्न मुद्द्याचा विचारतात : ‘तिजोरीतले पैसे तू घेतलेस का?’ दुसरा मुद्दाम मोघम असतो : ‘नोकरी लागण्याआधी कधी कुणाला फसवलंस का?’ निरपराध माणूस दुसऱ्या प्रश्नाने जास्त अस्वस्थ होईल आणि चोर पहिल्याने, असे गृहीत धरलेले असते. पण नोकरी, अब्रू आणि मुलीचे ठरलेले लग्न पणाला लागलेल्या प्रामाणिक रोखपालाचे काळीज पहिल्याच प्रश्नाला धडधडणार, हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांनी याच कारणासाठी या पद्धतीवर आयुष्यभर टीका केली. १९५९ मध्ये त्यांनी वेगळी पद्धत सुचवली : गुन्हेगारालाच ठाऊक असेल असा तपशील चार-पाच खोट्या तपशिलांत मिसळून विचारायचा. तर्काच्या दृष्टीने ती पुष्कळच स्वच्छ आहे. मात्र तो तपशील आधी वर्तमानपत्रात आला असेल किंवा तपासात बोलला गेला असेल, तर तिचाही उपयोग संपतो.

विश्वासार्हतेचा सर्वांत काटेकोर आढावा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीशी संलग्न समितीने २००३ मध्ये घेतला. ठरावीक घटनेविषयीच्या चाचण्या निव्वळ अंदाजापेक्षा बऱ्याच सरस, पण अचूकतेपासून बऱ्याच दूर, असा तिचा निष्कर्ष होता. समितीने मांडलेला हिशोब असा : १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर असले आणि त्यांतले ८ सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर सुमारे १,६०० जण नापास होतील आणि त्यांतले ८ सोडून बाकी सगळे निरपराध असतील. हेच गणित चिकोडी भागातल्या एखाद्या साखर कारखान्याला लावून पाहावे. २०० कामगार, त्यांत एक चोर, आणि चाचणी शंभरात नव्वद वेळा बरोबर, असे धरले तरी १९९ निरपराधांपैकी वीसेक जण खोटे ठरतात. चोर सापडलाच तर तो या एकवीस जणांत असतो, आणि उरलेल्या विसांच्या घरी काय होते याची नोंद कुठेच होत नाही. ‘नव्वद टक्के बरोबर’ हे ऐकून माणूस निश्चिंत होतो, म्हणून हा हिशोब एकदा तरी कागदावर मांडावा.

चूक दोन्ही बाजूंनी होते. सोव्हिएत संघाला गुपिते विकणारा सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून सुटला. अनेक स्त्रियांचे खून केलेला गॅरी रिजवे १९८४ मध्ये चाचणी ‘पास’ झाला होता. तो पकडला गेला २००१ मध्ये, डीएनएमुळे. उलट ओहायोतील फ्लॉइड फे याने आपण निर्दोष आहोत या भरवशावर चाचणीला संमती दिली, नापास झाला आणि १९७८ मध्ये खुनासाठी दोषी ठरला. खरे गुन्हेगार सापडल्यावर १९८० मध्ये तो सुटला. तुरुंगात असताना त्याने इतर कैद्यांना थोडक्यात युक्त्या शिकवल्या आणि त्यांतल्या बहुतेकांनी यंत्राला चकवले. सराईत सुटतो आणि साधा अडकतो, हा चाचणीचा सर्वांत वाईट दोष. रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयविकार, जागरण, दीर्घ चौकशीचा थकवा यांचाही नोंदीवर परिणाम होतो. औषधे चालू असतील तर परीक्षकाला आधी सांगणे आणि ते लेखी नोंदवून घेणे आवश्यक आहे.

शरीराकडून सत्य वदवून घेण्याची कल्पना या मुलखाला नवी नाही. मराठेशाहीतल्या न्यायनिवाड्यांत साक्षी-पुरावा अपुरा पडला की ‘दिव्य’ करवीत. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात मोहरबंद करायचा आणि काही दिवसांनी तो उघडून जखमेवरून निर्णय द्यायचा. पॉलिग्राफ इजा करत नाही, हा फरक मोठा आहे. पण शरीराची खूण वाचणारा जे म्हणेल ते सत्य, हा धोका तेव्हाही होता आणि आजही आहे.

भारतात या विषयावरचा पायाभूत निकाल कर्नाटकाच्याच नावाने ओळखला जातो. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाळ यांच्या पीठाने ठरवले, की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूच्या लहरींची चाचणी संमतीशिवाय कुणावरही करता येणार नाही. सक्ती केल्यास राज्यघटनेच्या कलम २०(३) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको) आणि कलम २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचा भंग होतो. संमतीने झालेल्या चाचणीचा निकालही स्वतःहून पुरावा ठरत नाही. तिच्यामुळे पुढे काही वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर तेवढी पुराव्यात येऊ शकते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची २००० ची मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने बंधनकारक मानली. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकील मिळाला पाहिजे, परिणाम समजावून सांगितले पाहिजेत, आणि चाचणीची नोंद इस्पितळासारख्या स्वतंत्र संस्थेने वकिलाच्या उपस्थितीत करायची. ‘चाचणीला नाही म्हटलं की आपणच चोर ठरणार’ या भीतीपोटी लोक होकार देतात. हा होकार खुशीचा नसतो, आणि दंडाधिकाऱ्यासमोर ते सांगण्याचा हक्क माणसाला आहे.

सीमाभागात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाजू भाषेची आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि पोलीस ठाण्याचा कारभार आज कन्नडमध्ये चालतो. बाजारापुरते कन्नड येणारे मराठी लोक खेड्यापाड्यांत पुष्कळ आहेत, पण पॉलिग्राफचा प्रश्न बाजारातला नसतो. ‘कुलूप तू उघडलंस का?’ आणि ‘कुलूप उघडताना तू पाहिलंस का?’ यांत एका क्रियापदाचा फरक, आणि त्यावर माणसाची अब्रू अवलंबून. दुभाषा मध्ये बसला तर प्रश्न दोनदा कानावर पडतो : आधी अर्धवट कळलेला, मग मराठीतून नीट. शरीर दोन्ही वेळा हलते. त्यातली कुठली हालचाल मोजायची? अशा नोंदीवरून कुणाला खोटे ठरवणे अन्यायाचे आहे. संमतीपत्राचेही तेच. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धतेची कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेतच मिळाली पाहिजेत असे म्हटले. खटला वेगळ्या प्रकारचा असला, तरी न समजणाऱ्या कागदावरच्या सहीला संमती म्हणता येत नाही, हे तत्त्व इथेही लागू व्हायला हवे. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. ‘प्रश्न आणि संमतीपत्र मराठीतून द्यावे’ अशी लेखी मागणी वकिलामार्फत आधीच करावी. दाद मागण्यासाठी बेळगाव जिल्ह्याला कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड पीठ आहे.

खासगी चाचण्यांचा प्रश्न याहून अवघड. पैसे घेऊन नोकरांची किंवा जोडीदाराची ‘परीक्षा’ करून देणाऱ्यांच्या जाहिराती इंटरनेटवर दिसतात, आवाजावरून खोटे ओळखण्याचा दावा करणारी मोबाइल ॲपही मिळतात. तिथे ना दंडाधिकारी असतो ना वकील. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून बहुतेक खासगी मालकांना नोकरांवर अशी चाचणी लादण्यास मनाई केली. भारतात नोकरदारांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे सराफी पेढीवरचा कारागीर किंवा गोदामातला हमाल मालकाने ‘मशीनला बस’ म्हटल्यावर कशाच्या आधारावर नकार देणार, याचे उत्तर अजून त्याच्या हाती नाही.