नाताळच्या झाडासाठी कागदी तारे आणि लोकरीचे गोंडे

पाकिटात 220 जीएसएमचे दोन ए4 कार्डपेपर (एक लाल, एक सोनेरी), 25 ग्रॅम पांढरी अ‍ॅक्रिलिक लोकर, नायलॉनचा दोरा आणि टिकल्यांची पुडी आहे. कर्कटक, स्टीलची पट्टी, कात्री, फेविकॉल आणि शाई संपलेलं एक बॉलपेन घरचं घ्या. एवढ्यात 8 सेमीचे सहा तारे आणि पाच-सहा गोंडे होतात.

वसई किंवा गोव्याकडे सुरूची फांदी झाड म्हणून उभी करणाऱ्यांना ठाऊक असेल की तिची टोकं थोड्याशा वजनानेही वाकतात. आमचा तारा जेमतेम 1 ग्रॅमचा आणि गोंडा 3 ते 4 ग्रॅमचा होतो. तारे शेंड्याकडे आणि गोंडे खोडाजवळ लावा. आत बल्ब सोडून दारात टांगायचा मोठा तारा या पुठ्ठ्यात होणार नाही. त्याला कामट्यांचाच सांगाडा हवा.

तारा

सगळी आखणी कागदाच्या मागच्या बाजूला करा. 4 सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. एका कागदावर अशी सहा बसतात. कर्कटक 4.7 सेमी उघडून परिघावर पाच खुणा करा. शेवटची खूण पहिलीपासून एक-दोन मिमी हुकली तर तो फरक पाचही खुणांत वाटून टाका, नाहीतर एक टोक लुळं दिसतं. आता एक सोडून एक खुणा जोडा. झाला तारा. एका ताऱ्याला असे दोन भाग लागतात. त्यातल्या एकाच भागाला, प्रत्येक टोकाच्या उजव्या कडेला 5 मिमीची चिकटपट्टी ठेवून कापा. पट्टीची दोन्ही टोकं तिरपी छाटा.

खरी मेख आहे घड्यांत. टोकापासून मध्यापर्यंतची लांब घडी वर उचललेली हवी आणि आतल्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंतची आखूड घडी खाली दबलेली. कार्डपेपर जाड असल्यामुळे रेघ दाबल्याशिवाय सरळ मुडत नाही, आणि दाबलेली रेघ घडीच्या बाहेरच्या अंगाला यावी लागते. म्हणून आखूड रेघा मागून दाबायच्या आणि लांब रेघा रंगीत बाजूने. पुढून आखणी दिसत नाही, पण कर्कटकाच्या टोकाने पडलेलं मधलं छिद्र दिसतं. पट्टी टोकावर आणि छिद्रावर ठेवली की तिची कड समोरच्या आतल्या कोपऱ्याशी जुळते. बॉलपेन मात्र छिद्रापाशीच थांबवा. पुढे नेलंत तर समोरच्या आखूड घडीवर उलटी रेघ उमटते आणि तारा तिथे मुडायचं नाव घेत नाही. चिकटपट्टीची रेघही पुढूनच दाबून पट्टी आत वळवा.

घड्या चिमटीत धरून एकेक बसवा. मेजावर ठेवल्यावर मध्य साधारण 1 सेमी उंच यायला हवा. दोन्ही भाग सारखेच उचला. एक खोल आणि एक उथळ झाला तर कडा जुळत नाहीत, मग कितीही गोंद लावा.

टिकल्या लावायच्या तर जोडण्याआधी, भाग सपाट हातात असताना लावा. 15 सेमी दोरा दुहेरी करून त्याची गाठ एका टोकात आतून ठेवा, पट्ट्यांना फेविकॉलचा पातळ हात द्या आणि दुसरा भाग बसवा. टोकांना कपड्यांचे चिमटे लावून अर्धा तास ठेवा. फेविकॉल जास्त झाला की कागद ओला होऊन पोक काढतो आणि वाळल्यावरही तसाच राहतो. त्यात पाणी घालू नका.

गोंडा

जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून 6 सेमी व्यासाच्या दोन चकत्या कापा आणि मध्ये 2 सेमीचं भोक पाडा. दोन्ही एकमेकींवर ठेवून भोक जवळजवळ बुजेपर्यंत लोकर गुंडाळा. साधारण 8 ते 10 मीटर लागते. इथे कंजुषी केली की गोंडा विरळ होतो आणि मधली गाठ दिसते. बाहेरच्या कडेने दोन चकत्यांच्या फटीतून कात्री फिरवा, फटीत नायलॉनचा दोरा घालून करकचून दोनदा बांधा. बांधायला लोकर वापरू नका. ती ओढताना तुटते, नाही तुटली तर ताणली जाऊन गाठ सैल पडते आणि धागे गळत राहतात. मग चकत्या काढा आणि गोंडा फिरवत फिरवत कातरा. तो साधारण 4 सेमीचा होतो. टांगायला त्याच दोऱ्याची टोकं लांब सोडा.

कागद आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही पटकन पेटतात. मेणबत्तीपासून लांब ठेवा. एलईडीची माळ चालेल, जुन्या तापणाऱ्या बल्बांची नको.

सहा जानेवारीनंतर उतरवलंत की तारे घट्ट झाकणाच्या डब्यात उभे रचा, वर वजन नको. नव्या चपलांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी आत टाका. पावसाळ्यात ओल धरली की घड्या सैलावतात, आणि कागदाला कसर लागते ती वेगळीच. गोंडे चेपले तर उकळत्या पाण्याच्या वाफेवर, हात भाजणार नाही इतक्या उंचीवर क्षणभर धरून बोटांनी फुलवा.