डेडलॉक (मल्टिथ्रेडिंग)

दोन किंवा अधिक थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामे) एकमेकांनी धरून ठेवलेल्या लॉकची (सामायिक डेटा एका वेळी एकालाच वापरू देणारे कुलूप) वाट पाहत कायमचे अडकून पडतात, त्या अवस्थेला डेडलॉक म्हणतात. प्रोग्रॅम बंद पडत नाही, एरर येत नाही, सीपीयूवर सहसा भारही दिसत नाही. हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत पहिली तक्रार बहुधा ‘सर्व्हर हँग झालाय’ एवढीच येते.

बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे वळते करणारे फंक्शन आधी पैसे ज्या खात्यातून जायचे त्याला लॉक लावते, मग ज्यात जमा व्हायचे त्याला, असे समजू. एक थ्रेड सदाशिव पेठ शाखेच्या खात्यातून कोथरूडच्या खात्यात पैसे पाठवतो, त्याच क्षणी दुसरा कोथरूडहून सदाशिव पेठेत. दोघांनी आपापले पहिले खाते धरले, की दुसरे कोणालाच मिळत नाही. एखादा थ्रेड काही मिलिसेकंद उशिरा आला असता तर दोन्ही व्यवहार बिनबोभाट झाले असते. म्हणूनच हा दोष टेस्टिंगमध्ये निसटतो आणि पगाराच्या दिवशी गर्दीत उगवतो.

कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ मध्ये डेडलॉकच्या चार अटी मांडल्या: लॉक एका वेळी एकाकडेच असणे, एक धरून दुसऱ्याची वाट पाहणे, धरलेला लॉक हिसकावून घेता न येणे आणि वाट पाहणाऱ्यांचे चक्र तयार होणे. पुण्यात अभियांत्रिकीच्या ओरलला या अटी विचारतात, पाठोपाठ संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राचा बँकर्स अल्गोरिदम, म्हणजे डेडलॉकचा धोका नसेल तरच मागणी मंजूर करणारी पद्धत. तो देखणा आहे, पण प्रत्येकाची कमाल गरज आधीच माहीत असावी लागते; रोजच्या कोडमध्ये तो जवळपास दिसतच नाही.

चारपैकी एक अट जरी मोडली तरी डेडलॉक होत नाही; प्रत्यक्षात मोडतात ती चौथी. पैसे कुठूनही कुठेही जावोत, लहान क्रमांकाच्या खात्याला लॉक आधी. मग चक्र जुळतच नाही. क्रम ठरवणे सोपे, पाळणे अवघड: लॉक हातात असताना दुसऱ्या टीमचे फंक्शन कॉल केले आणि त्याने आत आणखी एक लॉक घेतला, तर क्रम कधी मोडला हे कोणाला कळतही नाही. वेळमर्यादा घालून लॉक मागणे हाही उपाय आहे, मात्र मग माघार घेऊन पुन्हा प्रयत्न करण्याचे कोड नीट लिहावे लागते.

डेटाबेसचे बरे असते. मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन चक्र ओळखून एका ट्रॅन्झॅक्शनचा बळी देते (ते रद्द करते) आणि एरर १२१३ परत करते. जावामध्ये जेस्टॅक या साधनाने थ्रेड डंप (सर्व थ्रेडच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) काढला, की कोण कोणता लॉक धरून कोणाची वाट पाहतोय ते नावानिशी दिसते. सुटका मात्र होत नाही. प्रोसेस रीस्टार्टच करावी लागते.