रजेवरून परतलेला कामगार आणि उन्हातले पहिले चार दिवस

उन्हातल्या कामाची सवय असलेला माणूस मोठ्या रजेवरून परतला, की त्याने पहिल्या दिवशी नेहमीच्या ५० टक्के, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी १०० टक्के वेळ उन्हात काम करावे. अगदी नवख्याने २० टक्क्यांपासून सुरुवात करून रोज २० टक्के वाढवावेत. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेची ही शिफारस आज जगभर वापरली जाते. मात्र या विचाराचे मूळ दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत आहे.

खाण जितकी खोल, तितका खडक तापलेला. त्यातच फुफ्फुसात जाणारी सिलिकाची धूळ बसावी म्हणून खडकावर सतत पाणी मारले जाई. धूळ कमी झाली, पण हवा इतकी दमट झाली की घाम वाळेना. आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. १९२४ पासून तिथे उष्माघाताचे मृत्यू नोंदले जाऊ लागले. १९३० च्या दशकात डॉ. ए. ओ. ड्रेओस्टी यांनी गरम खोलीत कामगारांना खडी भरायला लावून, शरीराचे तापमान किती चढते त्यावरून त्यांची वर्गवारी केली आणि काम टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत बसवली. पुढे सिरिल विंडहॅम यांच्या पथकाने हे संशोधन बरेच पुढे नेले.

मजूर होते कृष्णवर्णीय, लेसोथो, मोझांबिकसारख्या भागांतून करारावर आणलेले. करार संपला की गावी, मग पुन्हा भरती. त्यामुळे रजेनंतरचा प्रश्न तिथे सतत उभा राही. हे ज्ञान त्यांच्या जिवाच्या मोलाने मिळाले आहे, आणि ते तसेच नोंदले पाहिजे.

सवय म्हणजे नेमके काय? पहिल्या काही दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, नाडी शांत होते. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. याला एक ते दोन आठवडे लागतात. उन्हापासून आठवडाभर दूर राहिले की ही सवय उतरू लागते; महिन्याभरात बहुतेक जाते. ताप किंवा जुलाबातून उठलेल्याला तर जास्तच जपावे लागते. ‘सवय झाली की पाणी कमी लागते’ हा समज धोक्याचा आहे: घाम वाढल्याने पाणी उलट जास्त लागते. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, तासाला दीड लिटरच्या वर नाही.

होळीला गावी गेलेला सेंट्रिंगवाला एप्रिलमध्ये नागपुरात स्लॅबवर चढतो, तेव्हा हाच हिशेब लागू होतो. ५० टक्के म्हणजे आठ तासांच्या पाळीत चारच तास उन्हात. उरलेल्या वेळात सावलीत सळईच्या रिंगा वळवणे, सेंट्रिंगच्या प्लेटा साफ करणे अशी कामे द्यावीत. दिवसभर उन्हातच ठेवून ‘सावकाश कर’ म्हणणे पुरेसे नाही. सोबत जुना जोडीदार हवा, कारण बरळणे, तोल जाणे ही उष्माघाताची लक्षणे ज्याला होतात त्याला स्वतःला कळत नाहीत. ती दिसताच माणसाला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतायला लागावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

नियम मोडतो तो बहुधा उक्त्या कामात. ऊसतोडीत टनावर, भट्टीवर हजार विटांमागे पैसे. अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी, मग उचल फेडायची असलेला माणूस पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावतो. म्हणून या चार दिवसांची पूर्ण मजुरी ठेकेदाराने करारातच धरली पाहिजे.